यादीत नाव नसतं तेव्हा...

सातवं सेमिस्टर सुरू झालं की होस्टेलची भाषाच बदलते. मेसमध्ये क्रिकेट आणि पिक्चर मागे पडतात; ॲप्टी, टेक्निकल, एचआर, पॅकेज हे शब्द पुढे येतात. महिन्याभरात त्यात एका प्रश्नाची भर पडते, "काय रे, झालास का प्लेस?" ज्याचं झालं त्याच्यासाठी हा प्रश्न म्हणजे पार्टी द्यायची आठवण. ज्याचं नाही झालं त्याला मात्र यापेक्षा व्हायवा परवडली असं वाटतं. मग मेसला उशिरा जाणं, घरचा फोन टाळणं, दिवसभर खोलीचं दार लावून पडून राहणं सुरू होतं.

अशा मित्राला सगळे जण एकच सल्ला देतात, "पॉझिटिव्ह राहा यार!" सल्ला चुकीचा नाही. पण पॉझिटिव्ह राहायचं म्हणजे नेमकं करायचं काय, हे कुणीच सांगत नाही. आरशासमोर उभं राहून "मी जिंकणारच" म्हणायचं का? मित्रांनो, मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नावर बरंच काम केलेलं आहे आणि त्यातलं काही थेट आपल्यासारख्यांवरच आहे.

स्वप्न वेगळं, विश्वास वेगळा

गाब्रिएले ओटिंगन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पदवी पूर्ण करून नोकरी शोधणाऱ्या जर्मन विद्यार्थ्यांच्या बाबतीत दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या होत्या. एक, नोकरी मिळाल्याची गोड चित्रं ते मनात किती वेळा रंगवतात. दोन, आपल्याला नोकरी मिळेल असं त्यांना खरोखर किती वाटतं. वरवर पाहता या दोन्ही गोष्टी पॉझिटिव्हच. पण दोन वर्षांनी निकाल उलटसुलट निघाला. ज्यांना मिळेल अशी खात्री होती ते पुढे गेले. आणि जे नुसती चित्रं रंगवत होते त्यांनी अर्ज कमी केले होते, त्यांना ऑफर कमी आल्या आणि पगारही कमी मिळाला!

असं का झालं असावं? मनातल्या मनात पेढे खाऊन झाले की भूकच मरते. खात्री मात्र हवेतून येत नाही, ती आपल्या अनुभवावर उभी असते. आपलं प्रोजेक्ट आपण स्वतः केलं असेल, रूममेटसमोर पाच-सहा वेळा मॉक इंटरव्ह्यू दिला असेल, तर "जमेल" हा शब्द आतून येतो. तेव्हा आत्मविश्वास वाढवायचा असेल तर आरशापेक्षा रूममेट जास्त उपयोगी!

नकाराचा अर्थ कसा लावायचा?

दुसरी गोष्ट नकाराची. मार्टिन सेलिगमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की अपयशानंतर माणूस स्वतःला जे कारण सांगतो त्यावर त्याचं पुढचं वागणं ठरतं. निराश होणारा माणूस तीन गोष्टी धरून चालतो: दोष सगळा माझाच, तो कायमचा आहे आणि तो माझ्या सगळ्या आयुष्यात पसरलेला आहे. "मी बिनकामाचाच आहे" या एका वाक्यात या तिन्ही गोष्टी आल्या.

आता तेच वाक्य इंजिनिअरसारखं लिहून बघा. "टेक्निकल राउंडमध्ये नॉर्मलायझेशनचे दोन प्रश्न आले नाहीत." घटना तीच, पण हा दोष ठरावीक जागी आहे, तात्पुरता आहे आणि दुरुस्त होणारा आहे. मशीन बंद पडली की आपण ती भंगारात काढत नाही, फॉल्ट शोधतो. मग स्वतःच्या बाबतीतच इतकी घाई कशाला?

आणि प्रत्येक फॉल्ट आपलाच असतो असंही नाही. २०००-०१ मध्ये डॉट-कॉमचा फुगा फुटला, २००८ मध्ये मंदी आली, तेव्हा हुशार पोरंसुद्धा थांबून राहिली. २०२३-२४ या आर्थिक वर्षात तर टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिन्ही कंपन्यांची कर्मचारीसंख्या चक्क घटली. त्या वर्षी यादीत नाव नसलेल्या मुलाने "माझ्यातच खोट आहे" म्हणणं हे गणितातही बसत नाही. अर्थात सगळंच खापर मार्केटवर फोडून झोपून राहणंही बरोबर नाही. आपला वाटा किती आणि मार्केटचा किती, हे कागदावर वेगवेगळं मांडलं की डोकं शांत होतं.

थोडं एम-थ्री

गणित निघालंच आहे तर प्रॉबॅबिलिटी आठवा. समजा, एका ठिकाणी निवड व्हायची शक्यता फक्त ०.१ आहे, म्हणजे नकाराची ०.९. दहाच्या दहा ठिकाणी नकार येण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, साधारण ०.३५. म्हणजे दहा प्रयत्नांत निदान एक ऑफर येण्याची शक्यता ६५ टक्के! वीस प्रयत्नांत ती ८८ टक्क्यांपर्यंत जाते. नऊ नकार आलेला मुलगा "फेल" नसतो, तो गणितानुसारच चाललेला असतो.

पण थांबा, यात एक अट आहे. हे प्रयत्न एकमेकांवर अवलंबून नसावेत. तोच चुकांनी भरलेला रिझ्युमे वीस ठिकाणी पाठवला तर ते वीस प्रयत्न होत नाहीत, एकच प्रयत्न वीस वेळा होतो. म्हणून प्रत्येक इंटरव्ह्यूनंतर त्याच रात्री प्रश्न लिहून काढा, न आलेले पुन्हा वाचा. प्रयत्न वाढवणं आणि ०.१ चे ०.१५ करणं, दोन्ही आपल्या हातात आहे.

नकाराची लस

१९८० च्या दशकात मिशिगन विद्यापीठात बेरोजगारांसाठी एक प्रशिक्षण तयार झालं. अर्ज कसा करायचा हे तर त्यात होतंच, पण नकार येणारच हे धरून तो आल्यावर काय करायचं, याचीही आधीच तयारी करून घेतली जायची. लस टोचतात तशी! आपणही हे करू शकतो. यादी लागण्याआधीच ठरवून ठेवा: नाव नसेल तर संध्याकाळी कुणाशी बोलायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणता अर्ज भरायचा.

आणि मनात साचलेलं कुठेतरी बाहेर काढा. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात, जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोकरीवरून कमी केलेल्या अनुभवी माणसांना सलग पाच दिवस लिहायला सांगितलं. एका गटाने नोकरी गेल्याचा राग, अपमान, भीती सगळं मोकळेपणाने कागदावर उतरवलं. आठ महिन्यांनी या गटात पुन्हा नोकरी लागलेल्यांचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त होतं. प्रयोग साठेक माणसांचाच, पण विचार करायला लावणारा आहे. म्हणजे पॉझिटिव्ह राहायचं म्हणजे दुःख दाबायचं असं नाही. ते मोकळं केलं तरच समोरच्या पॅनेलशी मोकळं बोलता येतं.

आणि बाकीच्यांनी?

ज्यांचं प्लेसमेंट झालं त्यांना एक विनंती. पार्टी जरूर करा, पण शेजारच्या खोलीतल्या मित्राला "झालास का?" ऐवजी "आज मॉक घेऊ का?" असं विचारा. सर आणि मॅडमनासुद्धा नम्रपणे सांगावंसं वाटतं, की नोटीस बोर्डवर नाव नसलेल्या मुलाला दोन मिनिटं थांबवून त्याचा रिझ्युमे बघितलात तर त्याला दहा भाषणांचं बळ मिळतं. घरच्यांना शैक्षणिक कर्जाच्या हप्त्याची काळजी असते, हे खरं आहे. म्हणूनच फोन टाळू नका. कुठे अर्ज केला, पुढे काय ठरवलंय, ते सरळ सांगा.

एखाद्याची झोप-जेवणच सुटलं असेल, जगण्याबद्दल तो वेडंवाकडं बोलत असेल, तर मात्र "पॉझिटिव्ह राहा" एवढ्यावर सोडू नका. त्याला एकटं ठेवू नका, रेक्टर सरांना कळवा. सरकारची २०२२ साली सुरू झालेली टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

कॅम्पसची यादी ही एका कंपनीने एका दिवशी घेतलेला निर्णय असते, आपल्या चार वर्षांची मार्कशीट नव्हे. तेव्हा मित्रांनो, आज रात्री रिझ्युमे पुन्हा एकदा उघडा, निदान एक ओळ सुधारा आणि उद्या एक अर्ज पाठवा. पॉझिटिव्ह राहणं म्हणतात ते यालाच. बेस्ट ऑफ लक!