वायरमन येईपर्यंत

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मराठी मध्यमवर्गीय घरात मीटरशेजारी एक लाकडी बोर्ड असायचा आणि त्यावर चिनी मातीचे पांढरे फ्यूज. त्यांना सगळे किटकॅट म्हणत. दिवे गेले की आधी खिडकीतून शेजाऱ्यांकडे बघायचं. त्यांच्याकडे उजेड असला, तर आपला फ्यूज उडाला हे नक्की. मग मेन स्विच पाडायचा, किटकॅट ओढून काढायचा आणि जळलेल्या तारेच्या जागी नवी बांधायची. हे काम घरात कुणाला ना कुणाला यायचंच. ट्यूबचा स्टार्टर फिरवून बघणं, होल्डर बदलणं, इस्त्रीला नवी पिन बसवणं हीही घरचीच कामं होती.

आज ही कामं येणारी माणसं कमी झाली आहेत. पिन ढिली झाली तरी मोबाइलवरून माणूस बोलावला जातो. पंखा मंद फिरायला लागला की बहुतेकदा त्याचा कपॅसिटर गेलेला असतो. तो शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळतो, पण घरच्यांना त्याचं नावही ठाऊक नसल्याने कधी कधी पंखाच बदलला जातो.

याचा दोष नुसता आळसाला देऊन चालणार नाही. दुरुस्त करण्याजोगं घरात फारसं उरलेलंच नाही. किटकॅटच्या जागी एमसीबी आला. तो पडला तर खटका वर करायचा, तार बांधायचा प्रश्न नाही. एलईडी पट्टीत चोक नाही, स्टार्टर नाही. ती गेली की बदलायची. शिवाय जुनी हातोटी सगळीच चांगली होती असंही नाही. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात तांब्याची जाड तार गुंडाळणारे पुष्कळ होते. मग फ्यूज उडायचा नाही आणि भिंतीतली वायरिंग तापत राहायची.

म्हणजे हरवलेली गोष्ट हातोटीपेक्षा समज आहे, आणि चिंता करावी ती तिचीच. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत विजेच्या धक्क्याने झालेल्या मृत्यूंचा देशभराचा आकडा 12 हजारांच्या वर दिसतो. त्यात शेतातले पंप आणि तुटून पडलेल्या तारा आल्या, तसेच घरातले कूलर, गीझर आणि कपडे वाळत घालायच्या लोखंडी ताराही आल्या.

सगळ्यात जास्त आढळणारा गैरसमज म्हणजे, ‘एमसीबी आहे, आता शॉकची भीती नाही.’ एमसीबी वायरिंगचं रक्षण करतो, माणसाचं नाही. 16 अँपिअरचा एमसीबी जास्त भार आला किंवा शॉर्टसर्किट झालं, तरच पडतो. माणसाच्या शरीरातून अँपिअरच्या दहाव्या भागाइतकाही प्रवाह गेला तरी जीव जाऊ शकतो, आणि एवढ्याशा प्रवाहाने एमसीबी हलतदेखील नाही. माणसासाठी वेगळं उपकरण असतं. त्याला आरसीसीबी म्हणतात. जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही यावर ते नजर ठेवतं. घरासाठीच्या उपकरणात 30 मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या तेहतिसाव्या भागाएवढी तूट दिसली, की ते क्षणार्धात वीज तोडतं. अनेक जुन्या घरांत ते बसवलेलंच नाही.

दुसरी समज हिशेबाची. आपल्याकडे घरात 230 व्होल्टची वीज येते. छोटं सॉकेट 6 अँपिअरचं, म्हणजे त्यावर जेमतेम 1,380 वॉटचा भार चालतो. हजार वॉटची इस्त्री चालेल. 2,000 वॉटचा गीझर जवळजवळ 9 अँपिअर खेचतो, त्याला 16 अँपिअरचं मोठं सॉकेटच हवं. तरीही अडॅप्टर लावून गीझर, हीटर छोट्या सॉकेटवर चालवले जातात. सॉकेट काळवंडलं, प्लॅस्टिक जळल्याचा वास आला की तो धोक्याचा इशारा समजून वापर तिथेच थांबवायला हवा.

थ्री-पिनची वरची पिन जाड आणि लांब का असते, हेही घरात क्वचितच सांगितलं जातं. ती अर्थिंगची पिन. लांब असल्याने ती आत जाताना सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. उपकरणाच्या धातूच्या अंगात वीज उतरली, तर ती जमिनीत जायची वाट हीच. बऱ्याच घरांत मात्र वरच्या भोकात पेन खुपसून सॉकेटची झडप उघडतात आणि खाली टू-पिन कोंबतात. त्याहून वाईट म्हणजे नुसत्या वायरी भोकांत घालून काडी ठोकणं. मांडवांत आणि दुकानांत हे आजही दिसतं.

दिवा बदलताना नुसतं बटण बंद करणं पुरेसं वाटतं. पण स्विच चुकून न्यूट्रलवर जोडलेला असेल, तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज असते. म्हणून मेन पाडायचा आणि टेस्टर लावून बघायचं. तो टेस्टरही आधी चालू सॉकेटवर पेटतो का, हे तपासून घ्यायचं. आणखी एक गोष्ट, जी जाणकारही विसरतात: भारनियमनाच्या काळात घरोघरी आलेले इन्व्हर्टर. मेन पाडला तरी इन्व्हर्टरच्या लाइनवर 230 व्होल्ट खेळत असतात. तो वेगळा बंद करावाच लागतो.

शाळेत यातलं काहीच शिकवत नाहीत, असं नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात फेज, न्यूट्रल, अर्थ, फ्यूज हे सगळं आहे. मुलं आकृती काढतात, गुण मिळवतात. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पिन उघडायची वेळ मात्र बहुतेकांवर येत नाही, आणि मुलींवर तर त्याहून कमी. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने वेगळी वाट दाखवली. तिथून उभा राहिलेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय राज्यातल्या अनेक ग्रामीण शाळांमध्ये पोचला. त्यात मुलं-मुली शेती, आरोग्य, बांधकामाबरोबर विजेची जोडणीही हाताने करून शिकतात. हा विषय ग्रामीण शाळांपुरता न राहता शहरातल्या शाळांतही यायला हवा.

नवी वायरिंग, नवा पॉइंट, मीटरजवळचं काम यांना घरच्यांनी हात लावू नये. ते परवानाधारक ठेकेदाराचं काम आहे. खांबावरची किंवा मीटरपर्यंतच्या लाइनची तक्रार असेल तर 1912 हा क्रमांक आहे. पण दिवा बदलणं, प्लगची पिन बसवणं, भाराचा हिशेब करणं, मेन पाडणं एवढं घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला, सून-मुलगी-आजी सगळ्यांना आलंच पाहिजे.

घरच्या डीबीचं, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीचं, झाकण आज उघडून बघा. कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा, हे चिठ्ठी लावून लिहून ठेवा. आरसीसीबीवरचं ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण दिसतंय का, ते शोधा. सापडलं तर दाबा. वीज जायला हवी. गेली नाही, किंवा असं बटणच नसेल, तर वायरमनला बोलावून आरसीसीबी बसवून घ्या.