30 दिवसांचं पेट्रोल

गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यातल्या ग्रासकटर दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात उभं राहा, एकच वाक्य कानावर येत राहतं : ‘ठेवताना चांगली चालत होती.’ आंब्याचा बागायतदार असो, काजूवाला असो की अंगणापुरतं गवत काढणारा घरमालक, सगळ्यांचं गाऱ्हाणं तेच. काम करताना मोडलेली मशीन समजू शकते. पण मांगरात खुंटीला टांगलेली, महिनोन्‌महिने कुणी हातही न लावलेली मशीन बिघडते कशी, हे बघायला मी एका मेस्त्रींच्या शेडमध्ये जाऊन बसले.

मशीन समोर आली की मेस्त्री आधी पाना उचलत नाहीत. टाकीचं झाकण काढतात आणि नाक जवळ नेतात. मलाही त्यांनी तेच करायला लावलं. ताज्या पेट्रोलचा वास एकदम डोक्यात जातो. या टाकीतला वास आंबट आणि जड होता, त्यात वार्निशचा अंश होता. ‘मशीन मराक नाय, पेट्रोल मेला,’ ते म्हणाले. ‘ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा आयुष्य 30 दिवस. तेच्यापुढे ता पेट्रोल नाय.’

हा 30चा आकडा नंतर मी त्यांच्या तोंडून प्रत्येक गिऱ्हाइकासमोर ऐकला. कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांतही मिश्रण साधारण महिन्याभरात संपवा असंच लिहिलेलं असतं. पण ती पुस्तिका खोक्याबरोबर माळ्यावर जाते.

आपल्याकडचे बरेचसे ग्रासकटर टू-स्ट्रोक असतात. त्यांना ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्येच 2टी ऑइल मिसळायचं, प्रमाण कंपनी सांगेल तसं : 50 ला 1 असेल तर लिटरमागे 20 मिलिलिटर, 25 ला 1 असेल तर 40. पिस्टनला, बेअरिंगला जे काही वंगण मिळतं ते एवढंच. म्हणून टाकीत काय आहे यावर इंजिनाचा जीव अवलंबून असतो.

आता त्या टाकीतलं पेट्रोलही बदललं आहे. देशात पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा 2022 च्या जूनमध्ये गाठला गेला, 2025 मध्ये तो 20 टक्क्यांवर पोचला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आणि सिंधुदुर्गात हवेत पाण्याला तोटा नाही. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा जिल्हा.

मेस्त्रींनी एका टाकीतलं जुनं पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतलं आणि बाटली फळीवर ठेवून दिली. थोड्या वेळानं उजेडाकडे धरली तेव्हा आत दोन थर स्पष्ट दिसत होते. वर ऑइलच्या रंगाचं पेट्रोल, तळाला बोटभर फिकट द्रव. तळातलं ते पाणी आणि इथेनॉल. ऑइल सगळं वरच्या थरात राहिलेलं. मग त्यांनी टाकीतली रबरी नळी तारेच्या आकड्यानं बाहेर ओढली. नळीच्या टोकाला वजनदार फिल्टर असतो. मशीन कशीही कलली तरी इंधन मिळावं म्हणून तो मुद्दाम टाकीच्या तळाशी पडून राहतो. म्हणजे इंजिन पहिला घोट घेणार तो तळाचा, ज्यात वंगणाचा थेंब नाही. चालू झालीच तर मशीन कोरडी पळते आणि पिस्टन सिलिंडरला धरतो. दोरी ओढून ओढून ती सुरू झाली नाही म्हणून वैतागलेल्या माणसाला मेस्त्री सांगतात, ‘सुरू झाली नाय ता बरा झाला.’

कार्ब्युरेटर उघडला की दुसरी गोष्ट दिसते. आत अंगठ्याच्या पेरापेक्षा जरा मोठा असा पातळ पडदा असतो. तो खालीवर हलतो म्हणूनच मशीन आडवी, तिरपी, कशीही धरली तरी इंधनाचा पुरवठा तुटत नाही. मेस्त्रींनी माझ्या तळहातावर नवा पडदा ठेवला, तो बोटाच्या गरमीनंही वाकत होता. शेजारी मशिनीतून काढलेला जुना ठेवला. तो पापडासारखा कडक झाला होता. दाबला तर टिचला. पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहणारा चिकटा बारीक जाळीत बसलेला होता. जाळी धुतली, पडदा बदलला, प्लग साफ केला, ताजं मिश्रण घातलं. दोन झटक्यांत मशीन बोलायला लागली.

सगळ्यात जास्त जातात त्या चाकरमान्यांच्या घरातल्या मशिनी. रोज मजुरीवर बागा साफ करणाऱ्या गड्याची मशीन दिवसभर राबते, पण तिची टाकी संध्याकाळपर्यंत रिकामी होते. मुंबईवाल्यांची मशीन गणपतीत एकदा आणि मे महिन्यात एकदा बाहेर निघते. मधल्या काळात अर्धी टाकी तशीच. एक काकी मुलगा यायच्या आत अंगण साफ करून घ्यायचं म्हणून रिक्षात घालून मशीन घेऊन आल्या होत्या. ‘वापरूकच नाय तर बिघडली कशी?’ त्यांचा प्रश्न रास्त होता. कपाटातली चीज न वापरता टिकते, हा आपला सगळ्यांचाच समज आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्राला तो लागू पडत नाही.

मशीन ठेवायची कशी, हे मी हंगाम सरताना पाहिलं. बागा साफ झाल्या होत्या, आंब्याला मोहर धरू लागला होता. ब्लेड उतरवून तेलाचं फडकं फिरवणं, एअर फिल्टरचा स्पंज साबणानं धुऊन सुकवणं, सिलिंडरच्या पात्यांत अडकलेलं गवत ब्रशनं काढणं, गिअरच्या डोक्यात ग्रीस भरणं, हे सगळं हातासरशी झालं. वेळ लागला तो टाकीला. टाकी पूर्ण ओतून घेतली आणि मशीन रिकामीच चालू केली. ती संथ चालत राहिली. नळीतलं शेवटचं इंधन संपत आलं तसा आवाज एकदम चढला आणि मग बंद पडला. मेस्त्री तो चढता आवाज येईपर्यंत जागचे हलले नाहीत. ‘ह्यो आवाज आयकल्याशिवाय मशीन टांगूची नाय.’ मग प्लग काढून आत छोटा चमचा 2टी ऑइल, दोरी दोनतीनदा हलक्या हातानं ओढून ते सिलिंडरभर पसरवलं, प्लग परत बसवला. एकूण अर्धा तास.

ग्रासकटर घ्यायला कृषी खात्याच्या, जिल्हा परिषदेच्या योजनांतून अनुदान मिळत आलं आहे आणि ते योग्यच आहे. विळा-कोयतीनं बाग बेणायला माणसं मिळत नाहीत, आणि वाळलेलं गवत तसंच राहिलं तर एका वणव्यात वीस वर्षांची झाडं जातात. पण विकणारा मशीन चालू करून दाखवतो आणि तिथंच थांबतो. ठेवायची कशी हे दाखवायला आणखी अर्धा तास लागेल, आणि तो अर्धा तास विक्रीचाच भाग धरला पाहिजे.

तोवर मेस्त्रींचा हिशेब पाळता येतो. दोन दिवसांच्या कामापुरतंच मिश्रण करा, कॅनवर तारीख लिहा, 30 दिवस उलटले की ते मशिनीत घालू नका. आणि हंगामाच्या शेवटच्या दिवशी गड्याला अर्धा तास जास्तीची मजुरी देऊन टाकी रिकामी करून घ्या.