ध्वनिवर्धकाला रोहित्र कोणते?

समजा चिखलीजवळच्या खेड्यात तुम्ही घरीच ध्वनिवर्धक बनवत आहात. ‘टीडीए २०३०’ ही आयसी आणलीत. तिला अधिक-उणे १८ व्होल्टपेक्षा जास्त दाब सोसत नाही. मग १२-०-१२ व्होल्टचे रोहित्र चालेल ना?

थांबा! डायोडमागचा कपॅसिटर १२ पर्यंत नव्हे, तर लाटेच्या शिखरापर्यंत भरतो. १२ × १.४१ = सुमारे १७. डायोड त्यातला जेमतेम पाऊण व्होल्ट खातो. पण ध्वनिवर्धक गप्प असताना छोट्या रोहित्राचा दाब चढतो. त्यातच शिवारातले पंप बंद होऊन घरातले २३० व्होल्ट २५० झाले, तर १८ ची मर्यादा ओलांडली जाते. आयसी गेलीच म्हणून समजा!

म्हणून ९-०-९ घ्या. शिखर सुमारे १३. आवाज थोडा कमी, पण आयसी सुखरूप! २३० व्होल्टची जोडणी मात्र जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.