रायफलचा बोल्ट झिजला तर? कोणता डाग चालतो, कोणता जिवावर बेतू शकतो

बीजीएमआय खेळणाऱ्यांना 'कार९८के' वेगळी सांगायला नको. प्रत्येक गोळीनंतर खेळाडू दांडी वर करून मागे खेचतो आणि पुन्हा पुढे ढकलून खाली पाडतो. तो भाग म्हणजे बोल्ट. गेममध्ये ही रायफल कितीही वापरा, झिजत नाही. खरी मात्र झिजते. ती जर्मन सैन्यात १९३५ पासून होती आणि तिची मूळ रचना पॉल मॉझरची, १८९८ सालची. म्हणजे आज कुणाकडे अशी रायफल असेल, तर तिचा बोल्ट बहुधा आपल्या आजोबांच्या वयाचा आहे.

बोल्ट नेमकं काय करतो?

घराच्या दाराचा अल्ड्रॉप आठवा. सरकवायचा, दांडी फिरवायची, दार पक्कं. बोल्ट हेच काम काडतुसामागे करतो. त्याच्या तोंडाशी दोन जाड दात असतात, त्यांना लग म्हणतात. दांडी खाली पाडली की हे लग रायफलच्या सांगाड्यातल्या खाचांत अडकतात. मॉझरने मागे तिसरा लगही ठेवला, पुढचे दोन तुटलेच तर आधार म्हणून.

हा आधार किती महत्त्वाचा? या रायफलच्या ७.९२ मिमी काडतुसासाठी युरोपीय मानकातली दाबाची मर्यादा ३९०० बार आहे. तुमच्या बाईकच्या टायरमध्ये साधारण २ बार असतात. आणि नेम धरताना आपला डोळा या बोल्टच्या अगदी मागेच असतो.

दिसायला वाईट, पण चालणारं

बोल्टचा काळा रंग उडून पोलाद चमकायला लागलं, सरकण्याच्या जागी बारीक ओरखडे आले, दांडीच्या मुठीवर टवके दिसले, तर काळजी नको. ही रोजच्या वापराची खूण. वरवरचा गंज मऊ फडकं आणि हलक्या तेलाने निघतो, त्याला सॅंडपेपर लावू नका. लगच्या मागच्या बाजूला ग्रीसचा बारीकसा थर असला की धातू धातूला खात नाही. अर्थात हे सगळं करण्याआधी चेंबर रिकामं असल्याची खात्री डोळ्यांनीही करायची आणि बोटानेही.

इथे मात्र थांबा

लगच्या मुळाशी केसाएवढी जरी चीर दिसली, तर तो बोल्ट बाद. वेल्डिंग करून तो वाचवायचा नसतो. फायरिंग पिनचं टोक खडबडीत झालं असेल, तर ते काडतुसाच्या प्रायमरला भोक पाडू शकतं आणि गरम वायू मागे येतो. मॉझरच्या बोल्टला दोन भोकं आहेत ती याचसाठी, वायूला डोळ्याकडे न येता दुसरी वाट मिळावी म्हणून. रिकाम्या पुंगळीच्या बुडाजवळ चमकदार कडं दिसलं, तर तीही धोक्याची सूचना असू शकते. काडतुसाला मागे सरकायला जास्त जागा मिळाली की पुंगळी तिथे ताणली जाते.

या जागेला हेडस्पेस म्हणतात. ती डोळ्यांनी दिसत नाही, गेजने मोजावी लागते. .३०८ रायफलचं उदाहरण घ्या. तिथे 'गो' आणि 'नो-गो' या गेजमधला फरक आहे सुमारे ०.१ मिमी, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाची जाडी! बोल्ट 'गो' गेजवर बंद व्हायलाच हवा. वापरलेल्या रायफलचा 'नो-गो'वर बंद झाला तर पुढची तपासणी हवी. 'फील्ड' गेजवरही बंद झाला, तर ती रायफल चालवायची नाही.

पॉलिशचा मोह

लगवर पेस्ट घासून बोल्ट 'बटर स्मूथ' करणारे व्हिडिओ मीही पाहतो. दिसायला भारी वाटतं. पण अनेक जुन्या मॉझरचं पोलाद नारळासारखं आहे: वर करवंटीसारखा कडक थर आणि आत तुलनेने नरम. जास्त घासलं की करवंटीच जाते. मग प्रत्येक गोळीबरोबर नरम भाग दबत जातो आणि हेडस्पेस वाढते. म्हणजे बोल्ट हाताला गुळगुळीत लागतो, पण आधीपेक्षा धोकादायक झालेला असतो.

दुसऱ्या रायफलचा बोल्ट आणून बसवणं हाही तितकाच घातक शॉर्टकट. तो आत सहज जातो, पण हेडस्पेस जुळेलच असं नाही. बोल्टवर आणि सांगाड्यावर नंबर कोरलेले असतात, ते जुळतात का ते आधी बघा.

मग दुरुस्ती कुणाकडे?

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकांच्या दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. म्हणून गल्लीतल्या लेथवाल्याकडे बोल्ट नेऊ नका, तो कितीही हुशार असला तरी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकल्यावर अनेकांना शूटिंगची ओढ लागली. तुम्ही क्लबात गेलात, तर तिथली .२२ रायफल खूप कमी दाबाची असते, पण सवय तीच ठेवा: पुसणं आणि तेल देणं आपलं काम, मोजणं आणि बदलणं परवानाधारक आर्मररचं. शंका आली तर रायफल रिकामी करून बाजूला ठेवा, तिच्यातून 'एकदा उडवून बघू' म्हणू नका.