समाजमाध्यमांवरील विक्री आणि नावाची सचोटी

वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथे १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. भारतातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. पुढे १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि महाराष्ट्रातील बाजार समित्यांची उभारणी १९६३ च्या अधिनियमानुसार झाली. नियंत्रण येण्यापूर्वी देशातील अनेक बाजारांत दलाल व व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत असत. मालाचा धनी शेजारी उभा असूनही भाव काय ठरला, हे त्यास कळत नसे. उघड लिलाव, खरे वजन आणि ठरलेली हमाली-तोलाई या साध्या गोष्टींनी हा रुमाल दूर केला.

आज बाजाराचा एक भाग शेतकऱ्याच्या हातातील मोबाइलमध्ये आलेला आहे. रिसोड व मालेगाव तालुक्यांतील हळद, जिल्ह्यात सर्वत्र होणारे सोयाबीन व तूर आणि अलीकडे वाढलेला चिया यांची माहिती व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब व इन्स्टाग्राम यांच्याद्वारे दूरवरच्या ग्राहकापर्यंत पोहोचते. कित्येक शेतकरी व महिला बचत गट स्वतःच्या नावाने हळद पूड, डाळ व तेल विकतात. काही शेतकऱ्यांच्या चित्रफिती हजारो लोक पाहतात व त्यांच्या सल्ल्यानुसार औषधे व बियाणे खरेदी करतात. ही प्रगती स्वागतार्ह होय. परंतु या नव्या बाजारात जुना रुमाल पुन्हा येऊ नये, यासाठी प्रत्येकाने कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार येथे केला आहे.

नाव कसे मिळते व कसे जाते

बाजार समितीच्या आवारात खरेदीदार माल हाताळून पाहतो. मोबाइलवरून माल घेणाऱ्या ग्राहकास ती सोय नसते. तो विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबून आगाऊ पैसे पाठवितो. म्हणजे येथे मालाच्या आधी नाव विकले जाते. यास्तव नावामागील हकीकत खरी असणे हे या धंद्याचे खरे भांडवल आहे.

मोहाचा प्रसंग बहुधा पहिल्या यशानंतर येतो. समजा, एका कुटुंबाने एक एकर हळद केली व 'आमच्या शेतातील हळद' म्हणून पूड विकण्यास आरंभ केला. ओली हळद शिजवून वाळविल्यानंतर तिचे वजन साधारणतः पाचव्या हिश्श्यावर येते. शंभर क्विंटल ओली हळद निघाली तरी हाती सुमारे वीस क्विंटल वाळलेली हळद पडते. पूड चांगली निघाली, मागणी वाढली व माल दिवाळीपूर्वीच संपला. अशा वेळी बाजारातून हळकुंडे आणून, दळून, त्याच पिशवीत भरण्याचा विचार मनात येतो. आणलेला माल कदाचित चांगलाही असेल. परंतु त्यावरील 'आमच्या शेतातील' हे शब्द खोटे ठरतात. शिवाय त्या मालात भेसळ निघाली तर दोष ज्याच्या नावाची पिशवी त्याच्यावरच येतो.

यावर उपाय अवघड नाही. माल संपला असल्यास तसे स्पष्ट कळवावे व पुढील हंगामाची मागणी नोंदवून घ्यावी. गावातील अन्य शेतकऱ्यांकडून माल घेतल्यास 'आमच्या गावातील शेतकऱ्यांकडून घेतलेली' असे पिशवीवर व जाहिरातीत लिहावे. जो विक्रेता माल संपल्याचे सांगतो, त्याच्याकडे ग्राहक पुढील वर्षी पुन्हा येतो, कारण त्याचा 'आहे' हा शब्दही खरा असतो.

मोबदला घेऊन केलेली शिफारस

ज्या शेतकऱ्याच्या चित्रफिती पुष्कळ लोक पाहतात, त्याच्याकडे औषधे, संप्रेरके व बियाणे विकणारे येतात. कोणी रोख रक्कम देतो, कोणी फुकट बाटल्या देतो, कोणी सहलीस नेतो. मोबदला घेणे हा गुन्हा नव्हे. तो लपवून स्वतःचा अनुभव म्हणून शिफारस करणे हा मात्र पाहणाऱ्याचा विश्वासघात होय. रुमालाखालील बोटे ती हीच.

या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी स्वतंत्र सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार पैसा, फुकट वस्तू, प्रवास, नोकरी अथवा नातेसंबंध यांपैकी कोणताही संबंध असल्यास तो उघड करावा लागतो. हे प्रकटन शिफारस ज्या भाषेत असेल त्याच भाषेत असावे, चित्रफितीत ते दिसावे तसेच ऐकूही यावे, आणि थेट प्रक्षेपणात ते सतत दिसत राहावे, अशी अपेक्षा आहे. म्हणजे मराठी चित्रफितीच्या खाली बारीक इंग्रजी अक्षरांत एखादा शब्द टाकून काम भागत नाही. 'ही जाहिरात आहे' किंवा 'हे औषध मला कंपनीने विनामूल्य दिले आहे' असे आरंभीच मराठीत सांगावे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यासही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, व पुन्हा तसेच घडल्यास तो पन्नास लाखांपर्यंत जाऊ शकतो. काही काळ शिफारशी करण्यास बंदीही घालता येते.

औषधांच्या शिफारशीत पैशाहून मोठी गोष्ट पणास लागलेली असते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळी हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. कीटकनाशक कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी व किती प्रमाणात वापरावे, हे त्याच्या नोंदणीत ठरलेले असते व डब्यावरील लेबलवर छापलेले असते. त्याबाहेरचे प्रमाण किंवा मनाने केलेले मिश्रण चित्रफितीतून सांगणे, आणि तेही मोबदला घेऊन, ही जबाबदारी कोणी सुज्ञ माणूस स्वीकारणार नाही.

दाव्यांची पारख

सेंद्रिय. २०१७ च्या सेंद्रिय अन्नविषयक विनियमांनुसार सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नास राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे अथवा सहभागी हमी पद्धतीचे प्रमाणपत्र लागते. लहान मूळ उत्पादक थेट ग्राहकास विकत असल्यास त्यास यातून सूट आहे. परंतु 'जैविक भारत' हे चिन्ह त्यास वापरता येत नाही. सूट असली तरी खरे बोलण्यापासून सूट नाही. रासायनिक खत बंद करून एकच हंगाम झाला असल्यास 'यंदापासून रासायनिक खत बंद केले आहे' असे लिहावे. हे वाक्यही ग्राहकास पुरेसे आवडते.

औषधी गुण. हळदीने कर्करोग बरा होतो, चियाने मधुमेह जातो, अशी विधाने करू नयेत. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये अशा रोगांवरील उपायांच्या जाहिरातींस मनाई आहे. हे वाचून एखाद्या रुग्णाने डॉक्टरांचे औषध बंद केले तर होणारी हानी भरून निघणारी नसते. तसेच चिया व सब्जा ही दोन भिन्न झाडांची बियाणे आहेत. एकाच्या नावाने दुसरे विकू नये.

गावाचे नाव. वायगाव हळदीस २०१६ साली व सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अशी नावे नोंदणीकृत उत्पादकांनाच वापरता येतात. आपली हळद आपल्याच गावाच्या नावाने विकावी. ते नाव मोठे करणे आपल्या हाती आहे.

बियाणे. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून विकण्याची पद्धत जिल्ह्यात आहे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये शेतकऱ्यास संरक्षित वाणाचेही घरचे बियाणे राखण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचा हक्क आहे. परंतु त्या वाणाचे नाव छापलेल्या पिशवीत भरून ते विकता येत नाही. १९६६ च्या बियाणे अधिनियमाने दिलेली सूटही स्वतः पिकविलेले बियाणे स्वतःच्या जागेवरून थेट पेरणाऱ्यास देण्यापुरती आहे. यास्तव बियाण्याची जाहिरात करण्यापूर्वी पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. उगवणशक्ती मात्र तपासूनच सांगावी. शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडून गुंडाळावेत व गोणपाट ओलसर ठेवून आठवडाभराने सशक्त कोंब मोजावेत. सत्तर वा अधिक दाणे उगवल्यास बियाणे पेरणीयोग्य समजावे. साठ उगवले असतील तर साठच सांगावे, म्हणजे घेणारा त्या मानाने बियाणे वाढवील. खोट्या सत्तरांमुळे त्याचा संपूर्ण खरीप वाया जाऊ शकतो.

उत्पन्नाचे आकडे

'एकरी इतके लाख' अशा मथळ्याच्या चित्रफिती चियासारख्या नव्या पिकाविषयी पुष्कळ दिसतात. त्यांत बहुधा एका दिवसाचा सर्वोच्च भाव व सर्वोत्तम शेतातील उतारा यांचा गुणाकार केलेला असतो. खर्च, मजुरी, वाहतूक व पडलेला भाव यांचा उल्लेख नसतो. ती पाहून शेजारी कर्ज काढून पेरतो. आपल्या यशाची माहिती देणाऱ्याने एकूण उत्पन्नासोबत खर्च, विक्रीची तारीख व ठिकाण, आणि अपयशी वर्षाचा आकडा हेही सांगावे. बियाणे विकण्यात किंवा मालाच्या खरेदीत आपला हितसंबंध असल्यास तो आधी सांगावा.

विक्री करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. छायाचित्र स्वतःच्या मालाचे व चालू हंगामाचे असावे.
२. पिशवीवर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, किंमत, महिना व वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा. अन्नपदार्थांसाठी अन्न सुरक्षा नोंदणी करून तिचा क्रमांक द्यावा.
३. पाठविण्याचा खर्च किंमतीत आहे किंवा नाही, हे पैसे घेण्यापूर्वी सांगावे.
४. आप्तेष्टांनी लिहिलेला अभिप्राय ग्राहकाचा म्हणून दाखवू नये.
५. तक्रार आल्यास ती पुसून टाकू नये. चूक असल्यास ती मान्य करून माल बदलून द्यावा अथवा पैसे परत करावेत.
६. प्रत्येक खेपेचा माल कोठून आला, केव्हा दळला व कोणास पाठविला, याची वही ठेवावी. तक्रारीच्या वेळी हीच वही साक्ष देते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

शेतकऱ्यांनी जाहिरात करण्यापूर्वी तिचा मजकूर एकदा वाचून पाहावा व ज्या विधानास आधार नाही ते गाळण्यास सांगावे. गोणपाटावरील उगवण चाचणीची प्रात्यक्षिके गावोगाव घ्यावीत. संशयास्पद औषध किंवा बियाण्याची शिफारस फिरत असल्यास ती पुढे न पाठविता कृषी विभागास अथवा करडा येथील कृषी विज्ञान केंद्रास कळवावी. फसवणूक झालेल्या ग्राहकास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता सेवेचा १९१५ हा क्रमांक द्यावा. कार्यकर्त्याने स्वतः कोणत्याही विक्रेत्याकडून वस्तू अथवा मोबदला घेऊन शिफारस करू नये, हे वेगळे सांगावयास नको.

कारंजाच्या बाजारात उघड भाव व खरे वजन यांसाठी नियम करावे लागले व त्यांवर देखरेख ठेवणारे नेमावे लागले. मोबाइलवरील बाजारात प्रत्येक गावी असा देखरेख करणारा नेमता येणार नाही. तेथे विकणाऱ्यानेच आपले वजन, आपला भाव व आपला हितसंबंध उघड्यावर ठेवावयाचा आहे. ज्याने तो ठेवला, त्याच्या नावास वाशीमच्या बाहेरही मोल येईल, आणि त्याच्यामागून येणाऱ्या दुसऱ्या शेतकऱ्याच्या शब्दावरही लोक विश्वास ठेवतील.