फजर आधी, लोकल नंतर!

पहाटे उठायची सवय लावायचीय? मग वाणगावला या आणि फजरची नमाज पढायला लागा! २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि मुंबईची नोकरी आमच्याही आवाक्यात आली. पण गोची अशी, की लोकल टाइमटेबलवर धावते आणि फजर सूर्याबरोबर सरकते. जूनमध्ये तिची वेळ साधारण ४.४० ला सुरू होते, जानेवारीत थेट सहाच्या सुमाराला. सूर्य उगवला की नमाज कजा, गाडी चुकली की लेट मार्क. आणि विरारच्या पुढे दुसरी लोकल लगेच मिळत नाही, बॉस!

म्हणून माझा फंडा सिंपल आहे. दोन सीझन, दोन रूटीन. जूनमध्ये नमाजनंतर तासभर हातात असतो. मोबाइल बंद, कुराणाचं एखादं पान आणि मग दिवसातलं सगळ्यात डोकेखाऊ काम. लेख मी तेव्हाच लिहिते. थंडीत हा तास गायब! तेव्हा आंघोळ, डबा, बॅग सगळं अजानच्या आधी. मग दोन सुन्नत, दोन फर्ज आणि थेट स्टेशन. लिखाण गाडीत, सीट मिळाली तर!

खरी मेख मात्र रात्रीची. जूनमध्ये इशाची वेळच साडेआठनंतर सुरू होते. त्यावर सिरीज लावून बसलात, तर साडेचारला उठणार कोण? इशा झाली की सरळ गादी गाठा. झोप कमी पडलीच तर दुपारी कैलूला, म्हणजे छोटीशी डुलकी. ती तर सुन्नतच मानतात. आता हे बॉसला कसं पटवायचं, ते तुमचं तुम्ही बघा!