रबराला म्हातारं करण्याची नोकरी

ड्रॉवरमध्ये वर्षभर पडलेलं रबरबँड ताणलं की तटकन तुटतं. कुणी वापरलंही नाही, मग बिघडलं कसं? हवेमुळे! हवेतला ऑक्सिजन रबराच्या लांबलचक रेणूसाखळ्या हळूहळू तोडत असतो. त्याला थोपवण्यात काही रसायनतज्ज्ञांची अख्खी कारकीर्द जाते.

पण त्यासाठी आज रबरात मिसळलेलं रसायन पाच वर्षांनीही काम करेल का, हे आजच कसं कळणार? अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात गुडरिच कंपनीत काम करणारे विल्यम गीअर यांनी १९१६ मध्ये उपाय मांडला. रबराचे तुकडे ७० अंश सेल्सियसच्या गरम हवेत ठेवायचे. वर्षांचं म्हातारपण दिवसांत हजर! प्रयोगशाळांमध्ये ‘गीअर ओव्हन’ हे नाव आजही चालतं.

याच गीअर यांनी कंपनी सोडल्यावर विमानांसाठी रबरी आवरण बनवलं. पंखाच्या पुढच्या कडेवर ते बसवायचं, बर्फ साचला की त्यात हवा भरायची. ते फुगतं आणि बर्फ तडकून उडून जातो. निवृत्तीचा इतका झकास उपयोग क्वचितच कुणी केला असेल.

आता टायरकडे वळू. मिशेलिन या टायर कंपनीच्या बोधचिन्हातला गुबगुबीत माणूस पांढरा का? १८९८ मध्ये तो अवतरला तेव्हा टायर काळे नसायचेच. पुढे रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे बारीक काजळी, मिसळू लागले. टायर कमी झिजू लागले, वर उन्हापासूनही बचाव झाला.

रबराचा हवेतला दुसरा शत्रू म्हणजे ओझोन वायू. त्याची तऱ्हा आणखी वेगळी. सैल रबराला तो भेगा पाडत नाही. ताणलेल्याला पाडतो, त्याही ताणाच्या आडव्या. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा छडा लावणारे आरी हागेन-स्मिट यांनी याचाच फायदा घेतला. वाकवलेल्या रबरी पट्ट्या हवेत ठेवायच्या आणि भेगांवरून ओझोनचा अंदाज बांधायचा.

टायरमध्ये या ओझोनशी लढतं ‘सिक्स-पीपीडी’ नावाचं रसायन. ते आतून सतत पृष्ठभागावर येतं आणि ओझोनला आधी स्वतःच भिडतं. मात्र त्या झटापटीतून दुसरंच एक रसायन तयार होतं. सिअ‍ॅटलजवळच्या ओढ्यांत पावसानंतर कोहो सामन मासे अंडी घालण्याआधीच तडफडून मरत होते. रस्त्यावरून वाहून आलेलं हेच रसायन त्यांचा जीव घेत होतं, हे २०२० मध्ये उघड झालं. आता रबर रसायनतज्ज्ञांना असा पर्याय हवा आहे, जो टायरला भेगा पडू देणार नाही आणि ओढ्यातल्या माशांनाही जगू देईल.